गच्चीवर आंबा, पेरू, लिंबू, चिकू: कुंडीत फळझाड कसं लावावं, कसं जगवावं

कुंडीतली फळझाडं जातात ती मुख्यतः दोन मोसमांत. जुलै-ऑगस्टमध्ये तळाची भोकं बुजतात आणि मुळं कुजतात. एप्रिल-मेमध्ये ड्रमची कड तापते आणि तिला चिकटलेली मुळं भाजतात. कीड, रोग, खतं यांचा नंबर त्यानंतर लागतो. जमिनीतल्या झाडाला वर पाणी मिळालं नाही तर ते मुळं खोल सोडतं, एकीकडे फार ओल झाली तर दुसरीकडे वळतं. कुंडीतल्या झाडाला तेवढी जागाच नसते. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं मुळांचा विचार करून सांगितलं आहे. मुळं ठणठणीत असली तर झाड फळावर आणणं फारसं अवघड नाही.

पहिलं झाड कोणतं

नवख्याने पेरूने किंवा कागदी लिंबाने सुरुवात करावी. पेरूची सरदार ही जात घ्यावी. नर्सरीत ती एल-४९ या नावाने मिळते, आणि तिची निवड मुळात पुण्याच्या गणेशखिंडीतली आहे. गर पांढरा, बिया मऊ, आणि छाटणी सहन करण्यात या झाडाचा हात कोणी धरत नाही. कलम लावल्यापासून दुसऱ्या वर्षी ८-१० फळं ठेवता येतात. लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई शरबती आणि फुले शरबती या जाती चांगल्या. कागदी लिंबाची एक खासियत ध्यानात ठेवावी: बियापासून वाढवलेलं झाडही बहुतेक मूळ झाडासारखंच निघतं, पण फळाला चार-पाच वर्षं लावतं. गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, दीड-दोन वर्षांत फुलतं. गच्चीवर जागा मोजकी असते, तेव्हा गुटी कलमच घ्यावं.

आंब्यात हापूसचा मोह आवरावा. झाडाची वाढ दांडगी, फळ वर्षाआड, आणि एवढं करून हाती आलेल्या चार फळांत साका (आतला पांढरट, खराब झालेला गर) निघाला तर जीव हळहळतो. कुंडीसाठी आम्रपाली सर्वांत सोयीची. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली ही जात बुटकी राहते आणि दरवर्षी फळते. तिचं फळ मात्र उशिरा, जूनमध्ये तयार होतं. पुणे, नाशिक, मराठवाड्यात त्याने फारसं बिघडत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यात ते नेमकं पावसात आणि फळमाशीच्या तोंडी सापडतं. तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्ना किंवा सिंधू या जाती बऱ्या. रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर आहे. सिंधूची कोय अगदी पातळ असते.

चिकूला घाई चालत नाही. कालीपत्ती या जातीचं कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, बांधलेलं असतं आणि पहिली दोन वर्षं ते जागचं हललं नाही असंच वाटतं. तिसऱ्या वर्षापासून मात्र बारा महिने काही ना काही फुललेलं असतं. दमट हवा त्याला मानवते, म्हणून डहाणूपासून गोव्यापर्यंतच्या पट्टीत चिकू निर्धास्त लावावा. डाळिंबाचं नेमकं उलट. भगवा डाळिंब सोलापूर-सांगोल्याच्या कोरड्या हवेचं झाड. मुंबईच्या गच्चीवर ते हिरवंगार दिसतं, फुलतंही, पण पावसात फळांवर तेल्या रोगाचे आणि बुरशीचे डाग येऊन सगळं वाया जातं. अंजीर पुणे-सासवड भागात कुंडीतही छान फळतं. फक्त ते वडा-पिंपळाच्या कुळातलं आहे. भोकातून निघालेली मुळं गच्चीच्या भेगेत शिरतात, म्हणून त्याची कुंडी कधीही थेट लादीवर ठेवू नये. बाळानगर सीताफळ विदर्भ-मराठवाड्याचं ऊन सोसतं.

पपई वर्ष-दीड वर्षात फळ देते. पुसा नन्हा ही बुटकी जात कुंडीला योग्य, पण तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी निघतात. एका जागी तीन रोपं लावावीत आणि फुलं दिसली की जास्तीचे नर काढून टाकावेत. तेवढी जागा नसेल तर तैवान ७८६ लावावी, तिच्यात निव्वळ नर झाड निघत नाही.

फणस, नारळ, आवळा आणि कोयीपासून उगवलेला आंबा कुंडीत लावू नये. झाड वाढतं, फळ दिसत नाही, आणि सात-आठ वर्षांनी ते कुठे न्यायचं हा प्रश्न उभा राहतो.

फळझाडाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. तीन-चार तास ऊन येणाऱ्या गॅलरीत लिंबाला पानं भरपूर येतील, लिंबं मोजकीच. त्याहून कमी ऊन असेल तिथे फळझाड लावून त्याला कुढत ठेवू नये.

कलम घेताना

नर्सरीत सगळ्यांत उंच कलमावर नजर जाते. ते घेऊ नका. दोन-अडीच फूट उंचीचं, बोटभर जाड खोडाचं, निदान दोन वेळा पालवी फुटून पिकलेलं कलम निवडा. जोडाजवळ वाकून बघा: खुंट आणि वरची काडी साधारण सारख्या जाडीची हवी, आणि जोड नखाने हलका दाबला तर हलता कामा नये. पिशवी उचलून तळ पाहा. मुळं बाहेर पडून जाडजूड झाली असतील तर आत त्यांची गुंडाळी झालेली असते.

जोडावरची प्लास्टिकची पट्टी ही बारीकशी गोष्ट, पण तिच्यापायी कितीतरी कलमं जातात. लावल्यानंतर तीन-चार महिन्यांत खोड भरू लागलं की पट्टी ब्लेडने उभी चिरून काढायची. ती राहिली तर खोड तिच्या वर आणि खाली फुगतं, मध्ये करदोट्यासारखी खाच पडते, आणि एखाद्या वाऱ्याच्या झोतात कलम तिथूनच कडाड मोडतं.

जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच बोटाने मोडा. ती खुंटाची फूट असते आणि कलमापेक्षा जोमाने वाढते. खुंटावर बांधलेल्या लिंबाच्या कलमाला अचानक मोठ्या पानांची, दणकट काट्यांची सरळसोट फांदी आली तर ती बहुधा खालच्या जंबेरीची, म्हणजे खुंटाच्या लिंबाची, असते. काही घरांत वरचं कलम कधीच वाळून गेलेलं असतं आणि खुंटालाच वर्षानुवर्षं पाणी घालणं चालू असतं.

ड्रम, पिशवी आणि गच्चीवरचं वजन

सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त उपाय म्हणजे २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून घेणं. प्रत्येक अर्ध्यात साधारण १०० लिटर मावतं, व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास. आंबा, चिकू, पेरू, सीताफळ यांना हे माप पुरतं. भंगारवाल्याकडून घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशक किंवा ॲसिडचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका. ग्रो बॅग घ्यायची तर २४ × २४ इंचाच्या बॅगेत पावणेदोनशे लिटर मावतं, १८ × १८ मध्ये ७५ लिटर आणि १५ × १५ मध्ये ४० लिटरच्या थोडं वर. लिंबू, डाळिंब, अंजीर १८ इंची बॅगेत चालतात. बॅग उन्हात तीन-चार वर्षांत जीर्ण होते. झाड त्याहून जास्त जगतं, याचा हिशेब आधीच करावा.

तळाला १२ ते १५ मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडा. शिवाय बाजूच्या भिंतीला, तळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, आणखी चार. तळाची भोकं गाळाने बुजली तरी बाजूची चालू राहतात. ड्रम तीन-चार विटांवर उचलून ठेवा: पाणी वाहून जातं, खालून हवा खेळते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग सांभाळलं जातं आणि भोकं बुजली तर काडी घालून मोकळी करता येतात.

भोकांवर खापरीचा एकेक तुकडा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा एवढंच ठेवावं. तळाशी चार-पाच इंच खडी किंवा विटांचा थर देण्याची सवय सगळीकडे आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती चिंब होईपर्यंत ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे ओलीचिक्क माती तळाऐवजी मुळांच्या आणखी जवळ येते आणि मातीची खोलीही कमी होते. निचरा हवा असेल तर तो मिश्रणातच असावा लागतो.

आता वजन. भारतीय मानकानुसार वावर असलेली सपाट गच्ची दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून बांधतात. अर्धा ड्रम नुसत्या मातीने भरून पाणी घातलं की १६०-१७० किलोंवर जातो, आणि तोही पाव चौरस मीटर जागेत. म्हणून मिश्रण हलकं ठेवायचं, ड्रम स्लॅबच्या मध्यावर एकत्र न मांडता खाली तुळई किंवा खांब आहेत तिथे, कडेकडेने ठेवायचे, आणि दोन ड्रममध्ये निदान मीटरभर अंतर सोडायचं. इमारत जुनी असेल किंवा पाचापेक्षा जास्त ड्रम ठेवायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्यावं. सोसायटीची गच्ची सामाईक असते. परवानगी लेखी घ्यावी.

माती

एक अर्धा ड्रम भरायला साधारण १० लिटरच्या घमेल्याने नऊ घमेली मिश्रण लागतं:

लाल माती किंवा पोयटा ३ घमेली
पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट २ घमेली
भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ घमेली
भाताचा तूस, अर्धवट जळका असेल तर उत्तम, १ घमेलं
विटेचा वाटाण्याएवढा चुरा १ घमेलं
निंबोळी पेंड अर्धा किलो आणि बोनमील पाव किलो

हे ओलं झाल्यावर शंभर किलोंच्या आसपास भरतं. सगळं ताडपत्रीवर दोन-तीनदा वरखाली करून, पाणी शिंपून, झाकून दहा-बारा दिवस मुरू द्या. पेंड सुरुवातीला तापते. लगेच लावलं तर कोवळ्या मुळांना ती ऊब बाधते.

काळी माती टाळावी. शेतात ती सोन्यासारखी, कुंडीत तीच वैरी: ओली झाली की चिकट गोळा, सुकली की कडेपासून सुटून भेगा. कोकोपीटचा ५ किलोचा ठोकळा भिजवल्यावर ७० लिटरच्या आसपास फुगतो. त्यात क्षार असतात, म्हणून दोनदा तरी पाणी बदलून पिळून घ्यावं. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. त्यात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या निघतात आणि त्या मुळं खातात. पसरून बघा, अळ्या वेचून टाका, खत महिनाभर आणखी कुजवा.

मिश्रण जमलं का ते मुठीत धरून कळतं. ओलं मिश्रण दाबल्यावर लाडू व्हावा आणि अंगठ्याने टोचल्यावर तो फुटावा. फुटला नाही तर तूस वाढवा, लाडू वळलाच नाही तर माती.

लावणी

आंबा किंवा चिकूचं लहान कलम थेट शंभर लिटरच्या ड्रममध्ये लावू नये. मुळं मूठभर आणि माती घमेलीभर असली की पाणी शोषलं जात नाही, माती आंबते. पहिलं वर्ष १२ किंवा १५ इंची बॅगेत काढावं, मग ड्रममध्ये हलवावं. पपईला मात्र हलवणं सोसत नाही. ती आधीच मोठ्या कुंडीत लावावी. पेरू जोमदार, त्याला सुरुवातीपासून ड्रम चालतो.

मुहूर्त जूनअखेर ते ऑगस्ट. पहिल्या दोन-तीन पावसांनी हवा गार झाली की झाड लवकर रुजतं. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लावता येतं. एप्रिल-मेमध्ये लावू नये.

नर्सरीची पिशवी ब्लेडने चिरून काढा, खोड धरून ओढू नका. आतला गोळा बहुधा घट्ट चिकणमातीचा असतो. हलक्या मिश्रणात तो तसाच ठेवला तर बाजूची माती ओली राहते आणि गोळा आतून दगडासारखा कोरडा, किंवा उलट. म्हणून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि कडेची बोटभर जाडीची माती हलक्या हाताने झाडून मुळांची टोकं मोकळी करा. गोल फिरलेली मुळं कात्रीने तोडा. आंब्याचं आणि चिकूचं मधलं सोटमूळ मात्र दुखवू नका. कलमाचा जोड मातीच्या वर निदान ५ ते ८ सेंटिमीटर राहील अशा बेताने लावा. जोड पुरला गेला तर तिथे कूज धरते. वरच्या कडेला दोन इंच रिकामी जागा ठेवा, नाहीतर पाणी घातलं की मातीसकट बाहेर वाहतं.

कलमाला बांबूची काठी द्या आणि सुती पट्टीने इंग्रजी आठच्या आकाराची सैल गाठ मारा. उंच इमारतींच्या गच्चीवर वारा इतका असतो की खोड हलून हलून नवी मुळं तुटत राहतात. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण उन्हात.

पहिल्या दोन वर्षांत आंब्याला मोहोर आला तर तो तोडून टाका. मन होत नाही, पण पोरवयात फळ धरलेलं कलम तिथेच खुंटतं.

पाणी

वेळापत्रकाने पाणी घालू नका. बोट मातीत दोन पेरं खुपसा. टोकाला ओल लागली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकांतून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घाला. रोज तांब्याभर शिंपडण्याने वरची दोन इंच माती ओली राहते, मुळं वरच पसरतात आणि मे महिन्यात तीच आधी होरपळतात.

अंदाजासाठी आकडे देतो. शंभर लिटरच्या ड्रममधल्या भरलेल्या पेरूला मेमध्ये दिवसाला ८ ते १० लिटर लागतात, शक्यतो सकाळी आणि संध्याकाळी असे दोन हप्त्यांत. हिवाळ्यात एक दिवसाआड ४-५ लिटर. चिकू-आंब्याला याच्या दोन तृतीयांश. ठिबक बसवायचं असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर एका ड्रमला लावा, खोडापासून वीतभर अंतरावर समोरासमोर. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवलं की ८ लिटर होतात. टायमर असेल तर मेच्या सुट्टीत गावाला जाता येतं, पण जाण्याआधी चार दिवस तो चालतो का ते बघा.

कधी पाणी घालताक्षणी ते भराभर खालून बाहेर येतं. याचा अर्थ निचरा उत्तम असा घेऊ नका. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी झटकून देतं आणि सगळं पाणी कडेच्या फटीतून निघून जातं. पंधरा-पंधरा मिनिटांनी तीन वेळा थोडं थोडं घाला आणि कडेची माती बोटांनी दाबून फट बुजवा.

बोअरच्या जड पाण्याने मातीवर आणि ड्रमच्या भोकांभोवती पांढरी पुटं धरतात, पानांची टोकं तपकिरी होऊन करपतात. लिंबू आणि आंब्यावर हे आधी दिसतं. दर दोन महिन्यांनी एकदा ड्रमच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू सोडून क्षार धुऊन काढा. पाऊस हे काम फुकट करतो. मात्र पाऊस खतंही धुऊन नेतो, त्यामुळे सप्टेंबरअखेर झाड फिकट दिसलं तर ते भुकेलेलं असतं.

पावसाळ्यात कुंडीखालच्या बश्या काढून टाका. सलग पाऊस पडत असताना आठवड्यातून एकदा तरी भोकांतून पाणी वाहतंय का ते वाकून बघा. पपईची मुळं दोन दिवस पाण्यात राहिली तरी झाड मान टाकतं, आणि मग काही करता येत नाही. पानं मलूल दिसली म्हणून आणखी पाणी घालू नका: कुजलेल्या मुळांचं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. बोट घालून बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

उन्हाळ्यात पश्चिमेकडची बाजू जपायची. दुपारी तीन वाजता ड्रमला हात लावून बघा, चटका बसला तर आतली मुळं तोच चटका सोसत असतात. ड्रमला बाहेरून पांढरा चुना किंवा रंग लावा, पश्चिमेकडून ओलं गोणपाट गुंडाळा, लहान कुंड्या मोठ्यांच्या सावलीत सरकवा. मातीवर दोन-तीन इंच पाचटाचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन घाला, खोडाला चिकटू न देता. नागपूर-अकोल्याकडे एप्रिलपासून ५० टक्के शेडनेट लागतंच.

खत

मोठ्या ड्रमला दर महिन्याला अर्धा किलो गांडूळखत, दोन महिन्यांनी १०० ग्रॅम निंबोळी पेंड. पालवीच्या दिवसांत १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत, पंधरवड्याने. कोरड्या मातीत खत घातलं की मुळं जळतात. शेंगदाणा पेंड वापरणाऱ्यांनी १०० ग्रॅम पेंड दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून द्यावी.

झाड गर्द हिरवं, लुसलुशीत, पण फूल नाही, ही तक्रार नत्र जास्त झाल्याची असते. खत दोन महिने बंद करा. लिंबाची नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या तर तिथे लोह-जस्त कमी पडतं, बहुधा जड पाण्यामुळे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना विरघळवून, गाळून फवारा. लोहासाठी चिलेटेड लोह मातीतून द्या. चुलीची राख मात्र अशा झाडाला घालू नका, तिने माती आणखी अल्कधर्मी होते.

बहार धरणं

इथे शेतातला सल्ला जसाच्या तसा उचलण्याची चूक होते. शेतात मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून ताण देतात, तो खोल जमिनीत सोसला जातो. ड्रममध्ये मेच्या उन्हात पाच दिवस पाणी तोडलं तर झाड हातचं जाईल. पेरूला ताणाची गरजच नाही. त्याला फळ नव्या फुटीवर येतं, तेव्हा मेच्या मध्याला प्रत्येक फांदीचा शेंडा वीतभर छाटा. पावसाबरोबर फूट येते, फुटीवर कळ्या, आणि नोव्हेंबर ते जानेवारीत गोड फळ. पावसाळ्यात पिकणारी फळं पाणचट आणि अळ्यांची निघतात, ती धरूच नयेत.

लिंबाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर हलका ताण द्या. दुपारी पानं किंचित वळू लागली, चार-पाच पानं गळली की पुरे. मग एकदम भरपूर न घालता पहिल्या दिवशी २ लिटर, तिसऱ्या दिवशी ४, मग नेहमीसारखं पाणी आणि खत.

आंब्याला ऑक्टोबरपासून मोहोर दिसेपर्यंत खत बंद आणि पाणी निम्मं. मोहोर फुटल्यावर फळं वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी बेतानेच द्या, नंतर पूर्ववत. कलमाला ६०-७० सेंटिमीटरवर एकदा शेंडा मारून तीन फांद्या धरलेल्या असल्या तर शंभर लिटरच्या ड्रममध्ये चौथ्या-पाचव्या वर्षी ८ ते १५ फळं पेलतात. जास्तीची सुपारीएवढी असतानाच काढा. वाढरोधक औषधांच्या मागे लागू नका; कुंडीत त्यांचा अंश साठतो आणि झाड आखडतं.

सीताफळाला फुलं भरपूर येतात आणि गळून जातात, कारण एकाच फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतो, पराग नंतर. सकाळी लवकर, पूर्ण उमललेल्या फुलातले मोकळे झालेले पराग मऊ ब्रशवर घ्या आणि अर्धवट उघडलेल्या, आतून चकचकीत ओलसर दिसणाऱ्या फुलात फिरवा. हे आठ-दहा दिवस केलं तर फळधारणेत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो.

कीड

पांढरा पिठ्या ढेकूण पेरू आणि सीताफळावर ठरलेलाच. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. ड्रमच्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवल्या किंवा खोडावर कागद गुंडाळून त्यावर ग्रीस लावलं की मुंग्या चढत नाहीत. थोडी कीड असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि जुन्या टूथब्रशने निघते. नंतर लिटरला ५ मिली नीम तेल आणि २ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून, आठवड्याने तीन वेळा.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर काडीने हलवून बघा, ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होऊन पानात मिसळते आणि दोन दिवसांत लहान झाड ओरबाडते. हाताने वेचणं हाच उपाय. लिंबावर खैऱ्या रोगाचे खरबरीत डाग आलेल्या फांद्या कापून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम फवारा.

आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी; भर उन्हात गंधक मोहोर जाळतं. पेरू आणि आंब्याच्या फळमाशीसाठी दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा गच्चीवर एक टांगला की नर माश्या त्यात सापडतात. तरीही पेरू लिंबाएवढा झाला की त्यावर फोमची जाळी आणि वरून खाली भोक पाडलेली प्लास्टिकची पिशवी चढवावी. यासारखा खात्रीचा उपाय नाही.

चिकू तयार झाला का, हे रंगावरून कळत नाही. सालीवरचा तपकिरी भुगा आपोआप झडू लागतो. नखाने हलकं खरवडलं की खाली हिरवं न दिसता पिवळसर दिसतं आणि चीक जवळजवळ येत नाही. आंबा देठाची दोन इंच काडी ठेवून तोडा आणि चीक फळावर ओघळू देऊ नका.

माती बदलणं

दोन-तीन वर्षांनी पाणी वरच साचू लागतं, पानं बारीक होतात, फळं लहान पडतात. झाड आतून ड्रमभर मुळांनी गच्च झालेलं असतं. पेरू, लिंबू, अंजीर, डाळिंब यांना जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर बाहेर काढा. आदल्या दिवशी पाणी घालू नका, म्हणजे गोळा सुटतो. कडेने लांब सुरी फिरवा, ड्रम आडवा पाडा आणि दोघांनी मिळून झाड सरकवा. गोळ्याच्या बाजूची आणि तळाची पाच सेंटिमीटर माती मुळांसकट करवतीने किंवा धारदार कोयत्याने तासून काढा. काळी, मऊ, वास येणारी मुळं दिसली तर निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापा. मुळं जेवढी कमी झाली तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्याही छाटा, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. ताजं मिश्रण भरा, काठीने खोचून पोकळ्या बुजवा, पाणी द्या, पंधरा दिवस सावलीत ठेवा. या काळात रासायनिक खत नको.

आंबा आणि चिकूला असं उपटणं मानवत नाही. त्यांच्या ड्रममध्ये खोडापासून वीतभर दूर, समोरासमोर दोन जागी, कलिंगडाच्या फोडीसारखा मातीचा तुकडा तळापर्यंत कापून काढा आणि तिथे नवं मिश्रण भरा. पुढच्या जूनमध्ये उरलेल्या दोन बाजू. कापलेल्या जागी महिन्याभरात बोटाने माती उकरली तर पांढऱ्या दोऱ्यासारखी नवी मुळं आत शिरलेली दिसतात. ती दिसली की खत पुन्हा सुरू करा.